मशीनमधला उमेदवार

रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, अशी म्हण आहे. उत्तरेश्वरच्या वाट्याला कूडसुद्धा आला नव्हता. चार भिंती होत्या, त्यांतल्या दोन काचेच्या. आत कपाटाएवढा कॉम्प्युटर, त्याला जोडलेले हिरव्या अक्षरांचे पडदे आणि वर एक एअरकंडिशनर. बाहेर सहकारी साखर कारखाना, मांजरसुंब्याच्या खालच्या अंगाला, आणि कारखान्याच्या बाहेर दुष्काळ.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. गाळप सलग दुसऱ्या हंगामात बंद होतं, कारण ऊसच नव्हता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. वजनकाट्यावर शेळ्या बसत होत्या आणि शेतकी खात्यातली माणसं लिंबाखाली पत्ते कुटत होती. कॉम्प्युटर मात्र चालू. मशीन रोज चालू ठेवा आणि गार ठेवा, नाहीतर बिघडेल आणि मग जबाबदारी आमची नाही, असं कंपनीचा इंजिनिअर बजावून गेला होता. म्हणून जनरेटरला डिझेल मिळायचं. पटांगणातल्या चारा छावणीत जनावरं पत्र्याखाली धापा टाकत उभी असायची आणि काचेच्या आत मशीन गारेगार. यात कुणाला काही खटकत नव्हतं. मशीन बसवलं तेव्हा त्याच्यापुढं नारळ फुटला होता, त्याला हळदकुंकू लागलं होतं आणि त्या खोलीत चपला काढून जायची रीत पडली होती. आता देवाला गरम होतं का, असं कोण विचारणार?

उत्तरेश्वर या देवाचा पुजारी, म्हणजे सिस्टिम इन्चार्ज. थोरल्या भावानं, गहिनीनाथनं, बायकोला जोडीला घेऊन हंगामामागून हंगाम ऊस तोडला आणि याला पुण्यात डिप्लोमा करवला. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडं एक कोयता म्हणतात. तर एका कोयत्यावर हा इन्चार्ज झाला होता, पण अजून कायम नव्हता. कायम करायची ऑर्डर चेअरमनच्या सहीसाठी पडून होती. सही आज होईल, उद्या होईल, या आशेवर तो रोज साडेदहाला हजर व्हायचा आणि दिवसभर काय करायचं या विवंचनेत पडायचा.

मशीनसोबत आलेल्या टेपवर कंपनीतल्याच कुणा कंटाळलेल्या जिवानं खेळ भरून दिले होते. चित्र नाही, आवाज नाही, नुसता मजकूर. तुम्ही एका गुहेच्या तोंडाशी उभे आहात, असं मशीन सांगणार. उत्तरेकडं जा, कंदील उचल, असं आपण टाइप करायचं. मग मशीन पुढची वाट दाखवणार किंवा खड्ड्यात पडून मेलात म्हणून कळवणार. दुसऱ्या खेळात आकाशातलं जहाज हाकायचं. तिसऱ्यात तुम्ही राजा. धान्य किती पेरायचं, रयतेला किती खाऊ घालायचं ते तुम्ही ठरवायचं आणि उंदरांनी किती खाल्लं ते मशीन सांगणार. जगातल्या सगळ्या मोठ्या कॉम्प्युटरांचे राखणदार हेच खेळत बसलेले असतात, असं पुण्याचे मास्तर हसून म्हणायचे. उत्तरेश्वरनं गुहा पालथी घातली, जहाज हाकलं, राज्यही केलं. उन्हाळा काही संपेना.

मग त्यानं राजाच्या खेळाचं गावरान करून टाकलं. इंग्रजी अक्षरात मराठी लिहायचं आणि राजाच्या जागी साखर कारखान्याचा चेअरमन. गावं एवढी, जनावरं एवढी, टँकर एवढे, चारा एवढा. दर महिन्याला मशीन विचारणार, कुठल्या गावाला काय देता? वर्ष सरलं की सर्वसाधारण सभा आणि सभेत मतदान. माणसं-जनावरं जगवलीत तर टिकलात, नाहीतर पडलात. मतदान राजाच्या खेळात नव्हतं, ते उत्तरेश्वरनं आपल्या पदरचं घातलं. सहकार म्हटल्यावर मतदान असतं, असं त्यानं शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं.

खरे चेअरमन होते विठ्ठलराव. त्यांना अख्खा पट्टा आबा म्हणायचा. कारखान्याची चिमणी उभी राहिली तेव्हापासून तेच चेअरमन आणि निवडणूक एकदाही झालेली नव्हती. दर वेळी अर्ज भरले जायचे, मग जेवणं व्हायची, मग अर्ज मागं घेतले जायचे आणि पेपरात ‘बिनविरोध’ असं मोठ्या अक्षरात यायचं. या शब्दाचा आबांना भारी अभिमान होता. आपल्यात भांडणं नसतात, असं ते पाहुण्यांना सांगायचे. भांडायला उठलेल्या माणसाचं पुढं काय होतं ते पाहुण्यांना कुणी सांगत नसे.

उन्हाळ्यात दुपारचं जेवण झालं की आबा चपला काढून मशीनच्या खोलीत यायचे आणि खुर्चीवर पाय पसरून डोळा लावायचे. एवढी गार जागा बीडपर्यंत दुसरी नव्हती. एका दुपारी बटणांच्या टकटकीनं त्यांची झोप चाळवली. काय करायलास बे, इंजिनेर, म्हणून त्यांनी विचारलं. लपवायला पडद्यावर जागा नव्हती. त्यानं खरं ते सांगितलं. आबा रागावले नाहीत. चेअरमनचा खेळ म्हटल्यावर ते खुर्ची ओढून जवळ आले, चष्मा लावला, आणि मी सांगतो तसं दाबत जा म्हणाले.

आबांनी खेळातही तेच केलं जे ते बाहेर करत होते. पहिला टँकर आपल्या गावाला, दुसरा व्याह्याच्या, तिसरा संचालकाच्या, उरला तो अडीनडीला राखून ठेवलेला. चारा छावणी जिथं आपली माणसं जास्त तिथं. वर्ष सरलं, सभा झाली आणि पडद्यावर हिरवी ओळ उमटली, चेअरमन पडला.

आता गंमत अशी की इंग्रजी अक्षरात ‘पडला’ आणि ‘पाडला’ यांचं स्पेलिंग एकच. आबांनी वाचलं ‘पाडला’ आणि त्यांचा चेहराच उतरला. कुणी पाडला, म्हणून त्यांनी दरडावून विचारलं. कुणी नाही आबा, ते पाडला नाही, पडला आहे, आपोआप पडला, असं उत्तरेश्वर समजावू लागला.

“आपोआप कोन पडतंय बे?” आबा म्हणाले. “पाडल्याबिगर कुनी पडत नसतंय. मानूस कोन हाय त्यो, तेवढं सांग.”

माणूस कोणी नाही, नुसता हिशेब आहे, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. ते पुन्हा खेळले, पुन्हा पडले. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. एखाद्यानं सहज म्हणून खडकवाडीला एक टँकर देऊन बघितला असता. खडकवाडी म्हणजे उत्तरेश्वरचंच गाव. खेळात नावं हवीत म्हणून त्यानं आसपासची खरी गावं घातली होती. पण आबांच्या तोंडून खेळातसुद्धा खडकवाडी निघेना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसलं हे. शेवटी वैतागून त्यांनी फर्मावलं की आपल्यात मतदान नसतं, हे काढून टाक आणि बिनविरोध कर. उत्तरेश्वरनं एक ओळ बदलली. मग आबा जिंकायला लागले. पडद्यावर गावं ओस पडत गेली, जनावरांचा आकडा शून्यावर आला, पण दर वर्षाच्या शेवटी ‘चेअरमन बिनविरोध, अभिनंदन’ ही ओळ हटकून यायची. आबांनी संचालकांना बोलावून ते दाखवलं. संचालकांनी टाळ्या वाजवल्या. कारखान्याचा शिपाई आसाराम चहा वाटत होता, त्यानंही ट्रे खाली ठेवून वाजवल्या.

त्याच आठवड्यात गहिनीनाथनं अर्ज भरला.

कारखान्याची निवडणूक लागली होती. गहिनीनाथच्या वडिलांच्या विहिरीला पाणी होतं तेव्हाचा एक शेअर घरात होता, तेवढ्यावर तो सभासद. आबांनी खडकवाडीचा टँकर बंद केला होता, छावणीत गावाच्या जनावरांना दावं मिळत नव्हतं. बायका घागरी घेऊन डोंगराच्या कपारीतलं पाणी वाटीनं भरत बसायच्या. गहिनीनाथ दोनदा आबांकडं गेला आणि दोनदा बघू म्हणून परत आला. तिसऱ्यांदा तो कारखान्यावर न जाता सरळ बीडला गेला आणि आबांच्याच मतदार गटातून त्यांच्यासमोर उमेदवारी दाखल करून आला. भावाला विचारलं नाही. विचारलं असतं तर भाऊ नको म्हणाला असता, हे त्याला ठाऊक होतं.

निवडून येण्याचा संभव नव्हता, हे गहिनीनाथही जाणून होता. पण मतदान झालं असतं. गावोगाव पेट्या गेल्या असत्या, माणसांना आबांविरुद्ध शिक्का मारायला एक कागद मिळाला असता आणि खडकवाडीच्या पाण्याचं नाव चार सभांत निघालं असतं. गहिनीनाथला एवढंच पाहिजे होतं. वाड्या-वस्त्यांवरची माणसं त्याच्याशी येऊन हळू आवाजात बोलू लागली. उभा ऱ्हा, बसू नको, एवढंच म्हणायची आणि इकडंतिकडं बघत निघून जायची.

आबा दुपारी नेहमीसारखे आले. चपला काढल्या, बसले, पण झोपले नाहीत. त्यांनी आसारामला बाहेर पाठवलं. आवाज चढवला नाही, उलट पोराशी बोलावं तसं बोलले. तुझी कायमची ऑर्डर माझ्या टेबलावर आहे, खडकवाडीला टँकरही सोडता येईल, मी काही वाईट माणूस नाही, असं सगळं झाल्यावर मुद्द्याचं बोलले.

“मशीनीत एका ओळीत बिनविरोध केलंस, इंजिनेर. घरात किती ओळी लागत्यात?”

उत्तरेश्वर त्या संध्याकाळी गावाला गेला. वाटभर त्यानं स्वतःला पटवलं की आपण टँकरसाठी चाललो आहोत. गावाला पाणी मिळेल, बायकांचे हाल संपतील. नोकरीचं मधेच मनात यायचं, ते तो बाजूला सारायचा आणि ते पुन्हा यायचं. खोटं बोलायला दुसरं माणूस लागतंच असं नाही.

गहिनीनाथ अंगणात दावं वळत बसला होता. वहिनी, सुंदरबाई, चुलीशी होती. उत्तरेश्वरनं आधी टँकरचं सांगितलं, छावणीचं सांगितलं, आबांचा हात किती लांब आहे ते सांगितलं. गहिनीनाथ दावं वळतच राहिला. सुंदरबाईनं मात्र चुलीपुढून उठून विचारलं की टँकर देतो म्हणणारा इतके दिवस का देत नव्हता, आणि अर्ज भरल्यावरच त्याला खडकवाडी कशी आठवली? तेव्हा गहिनीनाथनं हातातलं काम थांबवलं.

“तुझी आर्डर हाय का त्येच्याकडं?”

“हाय, दादा.”

“म्हंजी टँकर न्हाई, आर्डर.”

गहिनीनाथनं मान वर करून भावाकडं बघितलं. त्याच्या नजरेत राग असता तर उत्तरेश्वरला बरं वाटलं असतं. राग नव्हता. ज्या पोरासाठी आपण ऊस तोडला ते पोर असं निघालं, एवढंच त्याला दिसलं होतं. पण त्या पोराचं बिघडलं तर तोडलेला ऊसही वाया, हेही त्याला दिसत होतं. तो म्हणाला, “तू म्हनतोस तर बसतो.” सुंदरबाईनं चुलीतलं लाकूड ओढलं आणि त्या संध्याकाळी भाकरी अर्ध्याच झाल्या.

माघारीच्या दिवशी आबांची जीप गहिनीनाथला बीडला घेऊन गेली आणि सही झाल्यावर बसस्टँडवर सोडून आली. तो एसटीनं घरी परतला. पेपरात ‘बिनविरोध’ आलं. उत्तरेश्वरची ऑर्डर झाली, तिच्यावर आबांनी पेढा ठेवून दिला. टँकर खडकवाडीला आला खरा. निवडीबद्दल आबांचा सत्कार होईपर्यंत रोज आला, मग एक दिवसाआड, मग ड्रायव्हर आजारी पडला आणि त्याच्या आजाराला काही उतार पडला नाही. वाड्यांवरची माणसं गहिनीनाथला दिसली की रस्ता बदलू लागली. बसला, एवढाच शब्द त्याच्या पाठीमागं फिरायचा. त्यानं काय घेतलं याच्या गोष्टी गावात रोज नव्या निघायच्या आणि प्रत्येक गोष्टीत आकडा वाढलेला असायचा. गहिनीनाथनं एकदाही सांगितलं नाही की आपण भावासाठी बसलो. उत्तरेश्वरनंही सांगितलं नाही.

पाऊस त्याही वर्षी डोंगरावरून नुसता बघून गेला. आबा पुन्हा दुपारचे मशीनपुढं बसू लागले, पण आता त्यांचं मन रमेना. गावं ओस पाडायची आणि अभिनंदन घ्यायचं, यात किती दिवस रमणार? एके दिवशी त्यांनी जांभई देत सांगितलं की यात काही मजा राहिली नाही, ते मतदानाचं परत घाल, पण या खेपेला समोर माणूस पाहिजे. हिशेबानं पडायला बरं वाटत नाही.

“नाव काय टाकू?” उत्तरेश्वरनं विचारलं.

“गहिनीनाथ टाक की. त्योच उभा ऱ्हायलता.” आबा हसले. “पर पाडताना लई मतांनी पाडू नको. घासून पाड. त्याशिवाय रंगत येत न्हाई.”

आणि उत्तरेश्वरनं टाकलं. भावाच्या नावाची इंग्रजी अक्षरं त्यानं एकेक करून दाबली. मतमोजणी अशी लिहिली की गहिनीनाथ प्रत्येक गावात पुढं जायचा आणि शेवटच्या पेटीत मागं पडायचा. लिहिता लिहिता एकदा त्याच्या मनात आलं की उलटं करावं. एकदाच, फक्त एका दुपारी, आबांच्या डोळ्यांदेखत दादाला निवडून आणावं. त्यासाठी लागणारी ओळ त्यानं लिहिलीसुद्धा. तिच्याकडं बघत बसला. मग कायम झालेल्या माणसासारखा विचार केला आणि पुसून टाकली. त्या दिवसापासून त्याला स्वतःची किळस यायला लागली, पण किळस आली म्हणून कोणी कामावर जायचं थांबत नाही.

आबांना खेळ फार आवडला. पाहुणे आले की जेवणानंतर ते त्यांना मशीनकडं घेऊन यायचे. शेवटची पेटी फुटायची, पडद्यावर गहिनीनाथ पडला असं यायचं आणि खोलीत हशा पिकायचा. आसाराम चहा द्यायचा आणि उत्तरेश्वरकडं बघायचं टाळायचा. तो खडकवाडीच्याच शेजारचा.

दसरा झाला आणि कोयत्यांच्या गाड्या ऊस असलेल्या मुलखाकडं निघाल्या. भाऊ नोकरीला लागला तेव्हा गहिनीनाथनं कोयता टाकून दिला होता, तो त्याला परत उचलावा लागला. ट्रक मांजरसुंब्याच्या चौकात ढाब्यापुढं थांबला होता. ड्रायव्हर जेवत होता. वर संसार रचलेला, पोती, भांडी, कोंबड्यांचं खुराडं, आणि त्यावर माणसं. सुंदरबाई एका गाठोड्याला टेकून बसली होती. उत्तरेश्वर कामावर जाता जाता सायकल उभी करून तिथं आला तेव्हा तिनं तोंड फिरवलं. त्यानं आणलेला लाडवाचा पुडा गहिनीनाथनं घेतला आणि वर दिला. तिनं तो शेजारच्या बाईच्या पोरांना देऊन टाकला.

दोघं भाऊ ट्रकच्या सावलीत उभे राहिले. जपून राहा, पत्र टाक, असलं चार शब्दांचं बोलणं झालं. मग गहिनीनाथ म्हणाला की आसाराम भेटला होता.

“म्हनला, तू मला मशीनीत उभं केलंयस.”

उत्तरेश्वरनं मान खाली घातली. आबांनी सांगितलं म्हणून, एवढंच तो कसाबसा पुटपुटला.

“पडतो म्हनं मी तितं.”

“पडतोस, दादा.”

“लई मतांनी?”

“न्हाई. घासून.”

गहिनीनाथच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते खरं हसू होतं आणि तेच उत्तरेश्वरला सोसवलं नाही. ड्रायव्हर हात धुऊन आला, वरून कुणीतरी गहिनीनाथला हाक मारली. त्यानं फाळक्यावर पाय ठेवला, हात दिला, वर चढला, आणि खाली वाकून भावाशी शेवटचं बोलला.

“मग बरं हाय की. पडलेल्या मानसाला कुनी लाजिवत न्हाई, उत्रेश्वरा. त्यो उभा तर व्हता. तितं तरी तू मला बशीवलं न्हाईस.”

ट्रक चौकातून वळला आणि घाटाच्या रस्त्याला लागला. उत्तरेश्वरनं सायकल घेतली. साडेदहाच्या आत पोचायला हवं होतं, आज आबांकडं पुण्याचे पाहुणे यायचे होते आणि त्यांना निवडणूक दाखवायची होती.